दाराच्या आतला परवाना

भारतीय नागरिकाच्या हाती पडणारा पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. टपाल तिकिटे, मुद्रांक कागद आणि सरकारचे कितीतरी सुरक्षित दस्तऐवज या छापखान्यातून निघत आले आहेत. आता चिप बसवलेले ई-पासपोर्टही तिथूनच बाहेर पडतात. म्युनिकला किंवा डब्लिनला शिकायला निघालेला मुलगा कोल्हापूरचा असो वा कोचीचा, त्याच्या बॅगेत नाशिकचा कागद असतो. पण हा माणूस भारताचा नागरिक आहे, एवढेच तो कागद सांगतो. परक्या देशात त्याने किती दिवस राहायचे, तिथे काम करायचे की नाही, शिक्षण संपल्यावर थांबायचे की परतायचे, हे तो दुसरा देश ठरवतो. आणि तो हे एकदाच ठरवून मोकळा होत नाही, पुन्हा पुन्हा ठरवतो.

नाशिकच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर आणि कॅनडा कॉर्नरच्या आसपास परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयांच्या पाट्या दिसतात. तिथली सगळी बोलणी एका प्रश्नाशी येऊन थांबतात: व्हिसा लागला का? लागला की पेढे वाटले जातात, बॅगांचे वजन होते, भाजणीची पाकिटे बांधली जातात. त्यानंतरच्या वर्षादोन वर्षांत मुलाला ज्या कायद्याखाली जगायचे आहे, त्याबद्दल घरात कोणीच बोललेले नसते. व्हिसा मिळवण्यासाठी जितका जीव आटवला जातो, त्याच्या निम्मे लक्ष जरी पुढच्या परवान्याकडे दिले, तरी परदेशात कोसळणारी बरीच संकटे टळतील असे मला ठामपणे वाटते. म्हणून हे प्रकरण त्या परवान्याबद्दल आहे.

फरक साधा आहे. व्हिसा दारातून आत येऊ देतो. आत राहण्याची परवानगी हा वेगळा कागद असतो. काही देश दोन्ही गोष्टी एकाच चिकटपत्रात देतात, काही देश आत आल्यावर दुसरा अर्ज करायला लावतात, आणि अमेरिकेसारखा देश राहण्याचा हक्क पासपोर्टवर न ठेवता संगणकातल्या नोंदीवर ठेवतो. हे समजून न घेतलेला विद्यार्थी व्हिसावरची शेवटची तारीख पाहून निर्धास्त राहतो, किंवा उलट, नको तेव्हा घाबरतो.

जर्मनीचे उदाहरण सविस्तर घेऊ. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या मुलांचा ओढा तिकडे मोठा आहे, आणि जर्मन नियम इतके टप्प्याटप्प्याने लिहिलेले आहेत की त्यातून या कायद्याचा एकूण विचार कळतो. जर्मन विद्यापीठांत आज परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांच्या आसपास होती.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी होतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासोबत एपीएस प्रमाणपत्र लागते. म्हणजे पदवीची कागदपत्रे खरी आहेत, हे दिल्लीतले जर्मन पडताळणी केंद्र आधी तपासते. दुसरी गोष्ट पैशाची. ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. एका युरोला शंभर रुपयांच्या आसपास धरले तर साधारण बारा लाख होतात. पैसे मुलाचेच असतात, पण तिथे पोहोचल्यावर दर महिन्याला तेवढाच हप्ता त्याला काढता येतो. त्यानंतर मुलाखत आणि बोटांचे ठसे यासाठी मुंबईची वारी. सकाळची पंचवटी एक्सप्रेस नाशिककरांच्या अशा कामांना अनेक वर्षांपासून उपयोगी पडत आली आहे.

हातात येणारा राष्ट्रीय व्हिसा बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांचाच असतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि व्हिसा सहा महिन्यांचा, हे पाहून पालक गोंधळतात, कुणीतरी चूक केली असे त्यांना वाटते. चूक नसते. तेवढ्या अवधीत मुलाने जर्मनीत स्थिरावून खरा परवाना मागावा, अशी ती रचना आहे.

तिथे उतरल्यावर पहिले काम पत्त्याच्या नोंदणीचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन आनमेल्डुंग करायचे, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला, हा माणूस माझ्याकडे राहतो असे सांगणारा कागद न्यायचा. भाडेकरार वेगळा, हा कागद वेगळा. मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणाऱ्या किंवा पोटभाडेकरू असणाऱ्या मुलांची पहिली अडचण इथेच होते, कारण घरमालक सही देत नाही. पत्ता नोंदला नाही की पुढची साखळी अडते: करक्रमांक येत नाही, अनेक बँका खाते उघडत नाहीत, परवान्याचा अर्ज कोणत्या शहराच्या कार्यालयात करायचा हेही ठरत नाही. म्हणून नाशिकमध्ये बसून खोली ठरवताना भाडे किती याच्याबरोबरच पत्त्याची नोंद करू देणार का, हे लेखी विचारून घ्यावे. अनोळखी माणसाला आगाऊ भाडे पाठवून फसलेल्यांच्या तक्रारी तिथल्या विद्यार्थी संघटनांकडे सतत येतात, आणि त्यातली बरीच मुले नोंदणीच्या घाईपोटीच फसलेली असतात.

दुसरे काम परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे. पासपोर्ट, फोटो, विद्यापीठात नाव दाखल झाल्याचा दाखला, आरोग्य विम्याचा पुरावा, पैशाचा पुरावा, पत्त्याची नोंद, हे सगळे घेऊन अर्ज करायचा. शेवटी जे प्लास्टिकचे कार्ड मिळते, तेच रेसिडेन्स परमिट. सोबत एक जोडपत्र असते आणि कामाच्या अटी त्यावर लिहिलेल्या असतात. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पूर्वी हे आकडे १२० आणि २४० होते. विद्यापीठातल्या सहायकाचे काम यात धरले जात नाही. दिवस कसे मोजतात हे नीट समजून घेऊन स्वतःची वही ठेवावी, कारण दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्याच्या दिवसांची बेरीज कोणताही मालक करून देत नाही.

मोठ्या शहरांतल्या या कार्यालयांत भेटीची तारीख मिळायला महिने लागतात. इथे एक तरतूद प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावी. जुन्या व्हिसाची किंवा परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी चालू आहे असे कायदा मानतो आणि कार्यालय त्याचा तात्पुरता दाखला देते. अर्ज मुदतीनंतर एक दिवसाने गेला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. भेट कधी मिळाली याला महत्त्व नाही, अर्ज कधी पोहोचला याला आहे. त्यामुळे ऑनलाइन अर्जाची पोच, पाठवलेला ईमेल, टपालाची पावती जपून ठेवायची. या तात्पुरत्या दाखल्यात प्रकार असतात. एका प्रकारावर देशाबाहेर जाऊन परत येता येते, दुसऱ्यावर येता येत नाही. बहिणीच्या लग्नाचे तिकीट काढण्यापूर्वी दाखल्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे, ते पाहायलाच हवे.

पैशाचा पुरावा एकदाच द्यायचा, हा आणखी एक समज. परवाना एका किंवा दोन वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी पुढच्या काळाचा खर्च पुन्हा दाखवावा लागतो. पहिल्या वर्षाचे ब्लॉक्ड अकाउंट कर्ज काढून भरले, दुसरे वर्ष मूल तिथे कमावून काढील, असा हिशेब अनेक घरांत होतो. नोकरीचा करार आणि पगारपत्रके पुरावा म्हणून चालू शकतात, पण मंदीत अर्धवेळ काम मिळाले नाही तर परवान्याचा प्रश्न अभ्यासाच्या ऐन मध्यावर उभा राहतो. कर्ज मंजूर करून घेतानाच दुसऱ्या वर्षाची तजवीज त्यात धरावी.

पैशाबद्दल देश इतके कडक का, हे समजायला नाशिक जिल्ह्याच्या इतिहासातली माणसे मदतीला येतात. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ साली चित्रपटाचे तंत्र शिकायला लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी तारण ठेवून. त्यापूर्वी १९०६ मध्ये भगूरचे विनायक दामोदर सावरकर श्यामजी कृष्णवर्मांमार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला लंडनला गेले होते. या दोघांनाही राहण्याचा परवाना मागावा लागला नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजाजनाला लंडनमध्ये राहायला असा कागद लागतच नव्हता. म्हणून तो काळ सुखाचा होता असे मात्र नाही. १९१० च्या मार्चमध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली, आणि फरारी गुन्हेगारांसाठीच्या कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. परवाना नव्हता, तसे परवान्याबरोबर येणारे लेखी हक्कही नव्हते.

पहिल्या महायुद्धात देशोदेशीच्या सीमा आवळल्या गेल्या आणि १९२० मध्ये हिंदुस्थानात येण्यासाठी पासपोर्टचा कायदा झाला. याच वर्षांमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण गेले. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन प्रबंध पूर्ण करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली होती. मुंबईत अध्यापन करून, पैसे साठवून आणि मदत मिळवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डीएससी घेऊनच थांबले. पुढे १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा करणाऱ्या या माणसाचे शिक्षण कोणा परदेशी कार्यालयाने तोडले नव्हते. पैसा संपला म्हणून ते तुटले होते. आज जे देश वर्षभराचा खर्च आधी दाखवा म्हणतात, त्यांचा तर्क हाच आहे की मध्येच पैसा संपलेला विद्यार्थी शिक्षण सोडून मिळेल त्या कामाला लागतो. तर्क समजण्यासारखा आहे. पण त्याने गरीब घरातल्या हुशार मुलाचे दार सुरुवातीलाच बंद होते, हेही तितकेच खरे आहे. सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांची पत्रे पैशाचा पुरावा म्हणून स्वीकारली जातात, म्हणून त्यांच्या जाहिराती आणि मुदती गावोगावी पोहोचल्या पाहिजेत.

इतर देशांतले नियम याच कल्पनेच्या वेगवेगळ्या मांडण्या आहेत. इटलीत उतरल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो टपाल कार्यालयातून मिळणाऱ्या पाकिटातून भरायचा, सोळा युरोचे मुद्रांक तिकीट लावायचे आणि पावती सांभाळायची. कार्ड येईपर्यंत ती पावतीच आधार असते. फ्रान्सचा लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा हाच राहण्याचा परवाना असतो, पण पोहोचल्यावर तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. ही पायरी विसरलेला विद्यार्थी हातात वर्षाचा व्हिसा असूनही बेकायदा ठरतो. आयर्लंडमध्ये नोंदणी करून ३०० युरो भरून कार्ड घ्यायचे. नेदरलँड्समध्ये परवान्याचा अर्ज विद्यापीठच करते आणि त्याबदल्यात विद्यार्थ्यावर लक्षही ठेवते: वर्षाच्या श्रेयांकांपैकी निम्मे मिळाले नाहीत आणि त्याला सबळ कारण नसेल, तर विद्यापीठाला तसे सरकारला कळवावे लागते. ब्रिटनने २०२४ च्या अखेरीस प्लास्टिकची परवाना कार्डे बंद करून सगळे ई-व्हिसावर नेले. तिथल्या विद्यार्थ्याने आपले ऑनलाइन खाते नव्या पासपोर्टशी जोडले नाही, तर विमानतळावर अडवले जाण्याची पाळी येते.

कॅनडात स्टडी परमिट आणि प्रवेशाचा व्हिसा हे दोन स्वतंत्र कागद आहेत. परमिट चालू आणि व्हिसा संपलेला असेल तर तिथे राहून शिकता येते, पण सुट्टीला घरी आल्यावर नव्या व्हिसाशिवाय परतता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्या सरकारने विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास कामाची मुभा मिळाली, आणि दुसऱ्या महाविद्यालयात जायचे असेल तर नवे परमिट घेण्याची अट आली. ‘आधी कुठेतरी प्रवेश घे, तिथे गेल्यावर बदलता येईल’ हा एजंटांचा जुना सल्ला या अटीनंतर धोक्याचा झाला आहे. त्याआधी २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण तिथे गाजले होते. अनेक भारतीय विद्यार्थी, मुख्यतः पंजाबातले, काही वर्षे शिकून आणि काम करून झाल्यावर हद्दपारीच्या नोटिसा घेऊन उभे राहिले, कारण त्यांच्या एजंटाने जोडलेले पत्र खोटे होते. ज्यांची फसवणूक झाली होती त्यांना आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करावे लागले. प्रवेशपत्र आले की विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा ईमेल शोधून स्वतः खात्री करून घेणे, हे काम पालकांनी एजंटावर सोडू नये.

अमेरिकेचा नियम सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. पासपोर्टवरचा व्हिसा तिथे केवळ प्रवेशासाठी असतो; आत असताना तो संपला तरी विद्यार्थी बेकायदा होत नाही. त्याचे राहणे टिकते ते विद्यापीठाने दिलेल्या आय-ट्वेंटी या दाखल्यावर आणि सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदणीवर. पूर्ण वेळ अभ्यासक्रम चालू हवा, पत्ता बदलला तर कळवायला हवा, विषय कमी करायचे असतील तर विद्यापीठाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची संमती आधी हवी. नंतर घेतलेली संमती उपयोगाची नाही. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या, न्यायालयांत खटले उभे राहिले आणि महिना संपता संपता सरकारने त्या पुन्हा चालू केल्या. त्या आठवड्यांत वर्गात बसलेल्या मुलांना आपण कायद्याने तिथे आहोत की नाही, हेच कळत नव्हते. अशा वेळी ज्यांच्याकडे आपल्या सगळ्या नोंदींच्या प्रती होत्या, त्यांना वकिलापुढे लगेच काहीतरी ठेवता आले.

एक धोका अलीकडे नव्याने दिसू लागला आहे. राहण्याचा परवाना शिक्षणासाठी असतो, आणि शिक्षण ऑनलाइन होत असेल तर इथे राहण्याची गरज काय, असे अधिकारी विचारू लागले आहेत. २०२५ मध्ये बर्लिनमध्ये एका खाजगी विद्यापीठाच्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांना याच कारणाने परवाना नाकारला गेला. त्यांचा अभ्यासक्रम घरी बसूनही करता येईल असा आहे, असे कार्यालयाने ठरवले. मुलांनी फी भरलेली होती, कर्जाचे हप्ते चालू होते. मराठी पालकांनी खाजगी संस्थेचे माहितीपत्रक वाचताना प्रत्यक्ष वर्गात किती तास शिकवतात, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

शिक्षण संपल्यावर परवान्याचे स्वरूप बदलते. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने देते आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. ब्रिटनमध्ये पदवीधरांना दोन वर्षे थांबता येते, पण १ जानेवारी २०२७ पासून होणाऱ्या अर्जांसाठी हा काळ १८ महिन्यांवर येणार आहे. पीएचडीवाल्यांची तीन वर्षे कायम आहेत. अमेरिकेत बारा महिने आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतल्या पदवीधरांना आणखी चोवीस. कर्जफेडीचा हिशेब या आकड्यांवर उभा असतो. तो अभ्यासक्रम निवडतानाच मांडावा आणि नियम दोन वर्षांत बदलू शकतो असे धरूनच मांडावा.

डॉक्टर व्हायला निघालेल्यांच्या बाबतीत परवान्याचा धागा थेट मायदेशाशी जोडलेला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशात किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप झालेली असावी लागते. राहण्याची परवानगी मध्येच तुटली की हे सलग शिक्षण तुटते, आणि भारतात परवाना परीक्षेला बसण्याचा हक्कच अडचणीत येतो. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युद्धामुळे युक्रेनमधून परत आणलेल्या विद्यार्थ्यांपुढे हाच पेच उभा राहिला. त्यांच्यासाठी आयोगाला वेगळी सवलत काढावी लागली.

हाच कायदा उलट दिशेनेही चालतो, आणि परदेशी विद्यार्थी नाशिकला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्या शरणपूरमध्ये मिशनऱ्यांनी शिकवले. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात त्यातले काही जण गेले. त्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीला हजर होता. त्या मुलांना कोणी परवाना दिला नव्हता.

आज भारतात १८० दिवसांहून अधिक काळाच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी मुलाला पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. २०१८ पासून हे काम ई-एफआरआरओ संकेतस्थळावरून होते. मोठ्या शहरांत त्यासाठी स्वतंत्र कार्यालये आहेत, इतरत्र जिल्ह्याचे पोलीस ही जबाबदारी सांभाळतात. नेपाळ आणि भूतानच्या विद्यार्थ्यांना व्हिसाच लागत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी एकच नवा स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. त्याखाली महाविद्यालयाने आणि राहायला जागा देणाऱ्यानेही परदेशी व्यक्तीची माहिती ऑनलाइन कळवायची आहे. गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबक रोडवर टांझानियाच्या किंवा सुदानच्या विद्यार्थ्याला खोली देणाऱ्या घरमालकाने हे काम टाळले, तर अडचण त्या विद्यार्थ्याच्या परवान्याला येते. जर्मनीत आपल्या मुलाला सही न देणाऱ्या घरमालकावर रागावणाऱ्या नाशिककराने आपल्याच वाड्यातल्या भाडेकरूची माहिती त्याच दिवशी भरून द्यावी. अर्ज मराठी माणसाला सहज भरता येईल इतका सोपा आहे.